जुन्या बीटलचे मागचे ब्रेक शू बदलले – माझा अनुभव

माझ्याकडे जुनी फोक्सवॅगन बीटल आहे, स्विंग ॲक्सलवाली (मागचं चाक फिरवणारा दांडा म्हणजे ॲक्सल, तो गिअरबॉक्सपाशी वर-खाली झुलतो), आणि बरेच दिवस तिचा हँडब्रेक चढावर धरतच नव्हता, पेडल पण खूप खाली जात होतं. सगळे म्हणत होते मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा पंप) गेला असणार, बदलून टाक. मला मात्र आधी मागचे ड्रम (चाकाबरोबर फिरणारे डबे, आतून ब्रेकचे शू त्यांना दाबले जातात) उघडून बघायचे होते कारण बीटलला ब्रेक आपोआप ॲडजस्ट होणारी सोयच नाही, शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, झिजत जातो तसं ड्रम आणि शू मधलं अंतर वाढत जातं आणि पेडलचा अर्धा प्रवास ते अंतर भरण्यातच जातो. शिवाय इंजिन मागे असल्यामुळे या गाडीचं बरंचसं वजन मागच्या चाकांवर असतं, त्यामुळे मागचे ब्रेक इथे नुसते नावाला नाहीत, खरंच काम करतात.

पहिला अडथळा म्हणजे ॲक्सलचा नट. ३६ मिमीचा सॉकेट लागतो आणि हा नट २१७ फूट-पाउंडला कसलेला असतो, म्हणजे मीटरभर लांब पाइपच्या टोकाला साधारण ३० किलोचा जोर. वर्षानुवर्षं गंजलेला असेल तर त्याहून जास्त. त्यामुळे हे काम गाडी जमिनीवर असतानाच करायचं: हबकॅप काढली, स्प्लिट पिन ओढून काढली, गाडी गिअरमध्ये टाकली, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले, पान्याला लांब पाइप घातला आणि सावकाश वजन टाकलं. जॅकवर उचललेल्या गाडीवर एवढा जोर कधीच लावू नका, प्लीज. दोन्ही बाजूंचे आटे सरळच आहेत, उलटे नाहीत, त्यामुळे घड्याळाच्या विरुद्ध दिशेनेच सुटतो. नट ढिला झाला की मग गाडी उचलून जॅक स्टँडवर ठेवली आणि चाक काढलं.

नट निघाला तरी ड्रम लगेच हातात येत नाही. झिजलेल्या ड्रमच्या आतल्या कडेला एक उंचवटा तयार होतो आणि शू त्यात अडकतात, म्हणून आधी बॅकप्लेटच्या (ड्रममागची न फिरणारी पत्र्याची तबकडी) भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून शू ड्रमजवळ-लांब करणाऱ्या दोन्ही ॲडजस्टरचे दातेरी चक्र मागे फिरवावे लागतात. (माझ्या गाडीत भोकं बॅकप्लेटला आहेत, अजून जुन्या गाड्यांत ती ड्रमलाच असतात.) ॲक्सलच्या खाचांवर गंज असेल तर गंज सोडवणारं तेल रात्रभर सोडून ठेवायचं आणि चाकाच्या बोल्टच्या भोकांना पुलर लावून ओढायचं. ड्रमच्या कडेवर हातोडा अजिबात नको, बिडाची कड टवका उडून जाते.

ड्रम निघाल्यावर धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवा तर नाहीच. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसाला घातक तंतू) असायचं, युरोपियन युनियनमध्ये त्यावरची बंदी २००५ पर्यंत पूर्ण लागू झाली, आणि आपल्या गाडीत आत्ता बसलेले शू कोणत्या काळातले आहेत हे कोणीच सांगू शकत नाही. मी मास्क लावला, ब्रेक क्लीनरने सगळं ओलं करून ट्रेमध्ये गाळलं आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

आणि मग खरं कारण दिसलं. डाव्या बाजूचा लायनर तेलाने काळाकुट्ट. इथे घाईने नवीन शू चढवून ड्रम बंद करणारे खूप जण असतात, पण मला वाटतं सगळ्या कामात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे की हे तेल कुठून आलं. व्हील सिलिंडरचा (ब्रेकच्या तेलाने शू बाहेर ढकलणारा चाकातला छोटा सिलिंडर) रबर बूट हलकेच उचलून बघितला, आत कोरडं होतं. त्या तेलाला गिअर ऑइलचा तो गंधकासारखा उग्र वास होता, म्हणजे ॲक्सलचं सील (तेल आत अडवणारी रबरी कडी) गेलं होतं. स्विंग ॲक्सलच्या बीटलमध्ये मागच्या बेअरिंगला गिअरबॉक्सचंच तेल मिळतं, सील कडक झालं की तेच तेल बाहेर येतं. तेल प्यायलेला लायनर कितीही धुतला तरी उपयोग नाही, गरम झाला की तेल परत वर येतं, त्यामुळे शू दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे, नाहीतर एक बाजू जास्त धरणार आणि गाडी ओढणार.

सीलसाठी चार बोल्ट काढून बेअरिंगचं कव्हर काढलं, सील, ओ-रिंग, गॅस्केट सगळं नवीन टाकलं. त्यातली स्पेसर रिंग मात्र नीट बघा, सीलची कड एकाच जागी घासून तिथे खाच पडलेली असेल तर नवीन सील पण गळणार.

शू काढायच्या आधी फोटो काढले आणि एका वेळी एकच बाजू उघडली, म्हणजे अडलं तर दुसरी बाजू बघता येते. शूला बॅकप्लेटशी धरून ठेवणारी स्प्रिंग आणि वाटी पक्कडीने दाबून फिरवली की सुटते, चष्मा लावाच. व्हील सिलिंडरला रबर बँड गुंडाळला आणि ड्रम बाहेर असताना पेडलला कोणी पाय लावणार नाही याची काळजी घेतली, पिस्टन बाहेर उडतात. प्रत्येक जोडीतल्या मागच्या शूवरची हँडब्रेकची लिव्हर नवीन शूवर काढून बसवावी लागते, ती नव्या सेटमध्ये बहुतेक येत नाही.

ॲडजस्टर पूर्ण बाहेर काढून आटे साफ केले, उष्णता सहन करणारं ग्रीस लावलं, बोटांनी सहज फिरेपर्यंत सोडलं नाही. बॅकप्लेटवर शू जिथे घासतो त्या उंचवट्यांवर पण अगदी पातळ थर. एक बारीक गोष्ट, ॲडजस्टरच्या टोकाची खाच तिरकी असते आणि शूच्या टोकाचा उतार तिच्याशी जुळला पाहिजे, उलटी बसली तर शू ड्रमला सरळ टेकतच नाही.

ड्रम चढवला, चाक लावलं, गाडी खाली घेतली आणि नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने कसायचा पाना) २१७ फूट-पाउंडला कसला. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट अजून पुढे कसायचा, मागे कधीच घ्यायचा नाही, आणि पिन नवीनच.

मग परत उचलून ॲडजस्टमेंट, जी मी सगळ्यात शांतपणे केली. हँडब्रेकच्या केबल आधी पूर्ण ढिल्या केल्या, नाहीतर शू आधीच ओढलेले राहतात आणि सगळं माप चुकतं. एकेक ॲडजस्टर चाक जाम होईपर्यंत फिरवला, मग तीन-चार दाते मागे. पेडल चार-पाच वेळा जोरात दाबलं की शू ड्रममध्ये मध्यावर येऊन बसतात, त्यानंतर परत तपासलं तर अजून जागा निघाली. शेवटी केबल कसल्या, गाडीतली हँडब्रेकची लिव्हर दोन दाते वर घेतल्यावर दोन्ही चाकं हाताने सारखीच जड फिरली पाहिजेत आणि चार दात्यांना घट्ट जाम.

पेडल एकदम वर आलं, ब्रेकच्या तेलाची (हायड्रॉलिक) लाईन उघडलीच नव्हती म्हणून तिच्यातली एअर काढायची पण गरज पडली नाही, मास्टर सिलिंडर आहे तोच आहे. नवीन लायनर सुरुवातीला ड्रमला पूर्ण टेकत नाही, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने हळूहळू ब्रेक मारत, मध्ये गार होऊ देत बसवले. काहीशे किलोमीटरनंतर ॲडजस्टर परत एक-दोन दाते घेतले, ॲक्सल नटचा टॉर्क तपासला, आणि डाव्या ड्रमच्या मागे बोट फिरवून बघितलं, कोरडं आहे. आता चढावर हँडब्रेक लावून गाडीतून उतरता येतं.