नऊ मापांत शून्य कुठेच नाही

दुसरा ट्रान्सफॉर्मर आदल्या दिवशीच चार्ज झाला होता, म्हणजे त्याला वीज जोडली होती. दोन्ही एकसारखे: १००० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्ट, नेमप्लेटवर दोन्हीकडे डीवायएन ११, ही आतल्या जोडणीची खूण. आता बस कपलर, म्हणजे दोघांच्या बाजू जोडणारा स्विच, लावून दोन्ही पॅरलल करायचे, एवढंच काम उरलं होतं. फेजचा क्रम दाखवणारा सिक्वेन्स मीटर दोन्ही बाजूंना बरोबर फिरला, तसे सगळे कपलरच्या हँडलकडे बघायला लागले.

नऊ मापं घेतल्याशिवाय मी कपलर लावू देत नाही. इकडची लाल, पिवळी, निळी अशी प्रत्येक फेज तिकडच्या तिन्ही फेजशी, दोघींमधलं व्होल्टेज मोजायचं. आधी दोन्ही न्यूट्रल अर्थिंगला नीट जोडलेत ना, ते पाहायचं. नाहीतर मीटरच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. लाल-लाल शून्याच्या आसपास आणि लाल-पिवळा ४३३ यायला हवं. मला लालवर आलं २५०, ५००, २५०. पिवळीवर तेच, निळीवर तेच. नऊ मापांत शून्य कुठेच नाही. साइट इन्चार्ज म्हणाले, "मीटर खराब असेल, सिक्वेन्स बरोबर आहे ना?" मी दुसरा मीटर मागवला. आकडे तेच.

पॅनेलच्या दारावर खडूने घड्याळ काढलं तेव्हा उलगडा झाला. एचटीला (११ केव्हीची बाजू) डेल्टा, एलटीला (४३३ व्होल्टची बाजू) स्टार, आणि या दोन्हींच्या जोडणीत एलटीचं व्होल्टेज ३० अंश पुढे असतं. घड्याळात ११ म्हणजे तेच. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरला केबल टर्मिनेशनवाल्यांनी एचटी केबलचे दोन कोर (आतल्या तारा) उलटे लावले होते. चाचणीला मोटर उलटी फिरली, म्हणून कुणीतरी एलटीच्या दोन फेज बदलल्या. मोटर सुलटी झाली, पण व्होल्टेज आता ३० अंश मागे पडलं होतं, घड्याळात १ वर. दोन ट्रान्सफॉर्मरांत ६० अंशांचा फरक, आणि प्रत्येक फेज न्यूट्रलपासून २५० व्होल्टवर, त्यामुळे ६० अंशांवरच्या दोन २५० च्या टोकांमधलं अंतरही २५०च.

कपलर लागला असता तर? दोघांचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा, ५-५ टक्के. कसलाही लोड नसताना फुल लोडच्या दहापट, म्हणजे सुमारे १३,००० अँपिअर, नुसते या ट्रान्सफॉर्मरमधून त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये फिरले असते. हँडलपाशी दोन माणसं उभी होती.

मोटर उलटी फिरली की दोन फेज बदला, हा आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असलेला उपाय. उलटं नेमकं कुठे झालंय हे कुणी शोधत नाही, आणि बदललं ते लॉगबुकात लिहीत नाही. याची मला खरंच चीड येते.

शटडाऊन घेतलं, एचटी बॉक्स उघडून कोर जागेवर आणले, एलटीही पूर्ववत केली. लाल-लाल २ व्होल्ट.

आदल्या दिवशीचा चाचणी अहवाल अजून माझ्याकडे आहे. त्यावर 'फेज सिक्वेन्स बरोबर' लिहून सही केलेली आहे. तो कागद मी पुन्हा पुन्हा काढून बघतो, कारण त्यात खोटं काहीच नाही.