मामा तलावात समुद्राची तयारी : नोंद तिसरी

हलका धान कापणीला आलाय, भारी धान अजून निसवतोय आणि आमचा तलाव सांडव्यापर्यंत भरलाय. भंडारा-गोंदियाकडच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, धानाला पाणी देण्यासाठी जुन्या लोकांनी पाळ घालून अडवलेला. आमच्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. स्विमिंग पूल तालुक्यालाही नाही. त्यामुळे अंदमानला जाऊन स्कूबा डायव्हिंग (पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहणं) शिकायची सगळी तयारी याच पाण्यात चालू आहे.

आधी आनंदाची बातमी. गेल्या रविवारी 200 मीटर न थांबता पोहलो. पाळीला समांतर 25 मीटरचा नायलॉनचा दोर बांधलाय, दोन्ही टोकांना रिकामे डबे. आठ फेऱ्या. ओपन वॉटर या स्कूबाच्या सुरुवातीच्या कोर्सला एवढंच अंतर लागतं (मास्क, फिन्स म्हणजे पायातले पंखे आणि स्नॉर्कल म्हणजे श्वासाची नळी लावून पोहलं तर 300 मीटर) आणि वेळेचं बंधन नाही. जुलैत दोन फेऱ्यांतच माझी छाती भरून यायची. तेव्हा काठावर जाळं विणत बसलेले आमचे ढिवर आबाजी म्हणाले होते, "पान्यासंग भांडू नोको, बापू. थकशीन." हात हळू मारायला लागलो, श्वास पूर्ण बाहेर सोडायला लागलो आणि अंतर आपोआप वाढलं. स्कूबाची पुस्तकं वाचल्यावर कळलं की पाण्याखाली सिलिंडरमधून श्वास घेतानाही हेच: सावकाश, खोल श्वास आणि तो कधीही रोखून धरायचा नाही.

दुसरी अट 10 मिनिटं तरंगण्याची. ती अजून जमली नाही, सहा मिनिटांवर अडलोय. पाय खाली जातात आणि मग मान ताठ होते. समुद्रात हे सोपं जाईल, कारण तिथलं एक लिटर पाणी साधारण 1025 ग्रॅम भरतं, आपल्या तलावातलं 1000. म्हणजे तेवढंच अंग तिथं अडीच टक्के जास्त उचललं जातं. सिलिंडर-जॅकेटसकट माझं वजन 85 किलोच्या घरात जाईल, म्हणून पाण्याखाली जाण्यासाठी गोड्या पाण्याच्या हिशेबापेक्षा दोन किलो शिसं जास्त बांधावं लागेल. पण तयारी गोड्या पाण्यातच पक्की करायची असं मी ठरवलंय.

कानांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथं मी चूक केली होती. ऑगस्टमध्ये दीड-दोन मीटर खाली गेलो, कान दुखला, तरी तसाच खाली राहिलो. आठ दिवस कानात दडे बसले. लहानपणी माझा कान वाहायचा, म्हणून नागपूरला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवलं. पडदा शाबूत आहे, सर्दीत पाण्यात उतरू नका, एवढंच त्यांनी सांगितलं. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि हवेचं आकारमान निम्मं. म्हणजे सगळ्यात मोठा बदल पहिल्या काही मीटरमध्येच होतो, तलावाच्या खोलीतसुद्धा. आता नाक दाबून हलकेच फुंकतो, दुखायच्या आधीच, दर हातभर खाली गेलं की एकदा. कान सुटला नाही तर थोडं वर येतो, जोर लावत नाही. पाणी सोडायच्या दारापाशी कधीच जात नाही. एकट्यानं श्वास रोखून बुडी मारत नाही. ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन भाचा कायम जवळ असतो.

मास्कचं काम अर्धं झालंय. माझा चष्म्याचा नंबर साडेतीन, त्यामुळे नंबरच्या काचा मागवल्यात. मिशीतून पाणी आत येत होतं, नाकाखालची कड बारीक केल्यावर थांबलं. आमच्या पाण्यात हातभर पुढचं दिसत नाही, शिंगाड्याचे वेल पायाला लागतात. पण मास्कमध्ये पाणी भरून, वर पाहत नाकानं फुंकून काढायचा सराव अशा गढूळ पाण्यात केला की घाबरगुंडी उडत नाही, हा माझा अनुभव.

आता बेत. बरेच जण मला मालवण सुचवतात. पहिल्या डाइव्हसाठी ते जवळचं आणि चांगलं. लक्षद्वीपचाही विचार केला, पण तिथं प्रवेशाचा परवाना लागतो. मला चार दिवस एका जागी राहून कोर्स करायचाय, म्हणून स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. ट्राय डाइव्ह पोहता न येणाऱ्यालाही करता येते, प्रशिक्षक हाताला धरून नेतो, मर्यादा 12 मीटरची. ओपन वॉटरनंतर जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत जाता येतं. गोंदियाहून हावडा साधारण हजार किलोमीटर रेल्वेनं, पुढं कोलकात्याहून विमान, मग बोट. एवढं करून जायचं तर शिकूनच यावं, असं मला मनापासून वाटतं.

महिना फेब्रुवारी. तोवर धान विकून पैसे हातात आलेले असतात, उन्हाळी रोवणा भाऊ सांभाळेल आणि समुद्रही शांत असतो. तारखा मात्र पंचांग उघडून काढल्या. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, तेव्हा प्रवाह जोराचे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची ओढ कमी. म्हणून कोर्सचे चार दिवस अष्टमीच्या दोन्ही बाजूंना बसवले. शेवटची डाइव्ह आणि विमान यांच्यात किमान 18 तास हवेत. दाबाखाली अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू निघतो आणि विमानात हवेचा दाब कमी असतो. मी पूर्ण दिवस मोकळा ठेवलाय, त्या दिवशी सेल्युलर जेल पाहणार. आणखी एक: घड्याळ तेच असलं तरी तिथं सूर्य आपल्यापेक्षा सुमारे 50 मिनिटं आधी उगवतो आणि मावळतो. दुपारनंतरचा दिवस हिशेबात धरू नका.

सौ. डाइव्ह करणार नाही, ती एलिफंट बीच आणि शहीद द्वीपला (जुनं नील) स्नॉर्कलिंग करेल, म्हणजे नळीतून श्वास घेत पाण्यावर तरंगत खाली पाहील, लाइफ जॅकेट आणि गाइडसोबत. भरती असतानाच उतरायचं, म्हणजे पाय प्रवाळांना लागत नाहीत. 2010 मध्ये समुद्र तापून अंदमानचे बरेच प्रवाळ पांढरे पडले होते. ते जिवंत आहेत, त्यांच्यावर उभं राहणं सोडाच, हातही लावायचा नाही. तुटलेला तुकडासुद्धा आणायचा नाही, कायद्यानं बंदी आहे.

काल संध्याकाळी ती पहिल्यांदा पाण्यात तोंड घालून राहिली. घाटाच्या पायरीवर बसून, माझा मास्क लावून, स्नॉर्कलमधून श्वास घेत. तीनदा झटकन वर आली. चौथ्यांदा बराच वेळ आतच होती. वर आल्यावर म्हणाली, "पायरीच्या फटीत झिंगे आहेत, अंगठ्यापाशी येऊन मिशा हलवतात." आज तिनं स्वतःच्या मापाचा मास्क मागवलाय.