दोन भोकांचं पोस्टकार्ड

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला तेव्हा मला आधी आठवलं ते आमच्या चित्रकलेच्या सरांच्या खिशातलं पोस्टकार्ड. चार इंचांच्या अंतरावर दोन भोकं पाडलेलं.

१९८६ साली मी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलो होतो. संकल्पचित्रात माझा रंग हमखास रेषेबाहेर जायचा. मग मी सगळ्या आकारांना काळी जाड आउटलाइन मारून चूक झाकायचो. सरांनी कागद उचलून बघितला. "कुंपण घातलंस होय रे? मग शेजाऱ्यांचं भांडण दिसणार कसं?"

पुढच्या तासाला त्यांनी घोटीव कागद आणले. नारिंगी कागदाच्या एकाच तावातून आमच्यासमोर दोन चौकोन कापले. एक पिवळ्यावर चिकटवला, दुसरा लालवर. पिवळ्यावरचा एकदम तांबूस, जड दिसायला लागला. लालवरचा पिवळट, उजळ. कागद बदललेत म्हणून आम्ही वडापावची पैज लावली. सरांनी शांतपणे पोस्टकार्ड वर ठेवलं. भोकांतून नुसतं नारिंगी दिसत होतं, दोन्हीकडे सारखंच. पैज हरलो. वडापाव मात्र सरांनीच दिला.

हा खेळ सरांच्या डोक्यातून निघाला असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो. मग २०१७ मध्ये मुलीकडे न्यू हेवनला गेलो. तिथल्या येल विद्यापीठाच्या कलादालनाला तिकीट नाही, त्यामुळे मी पुन्हा पुन्हा जायचो. तिथे जोसेफ आल्बर्स हा चित्रकार भेटला, म्हणजे त्याची चित्रं. हाही मूळचा जर्मनीतल्या प्राथमिक शाळेतला मास्तर! पुढे बाउहाउस या तिथल्या कलाशाळेत शिकवलं, १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली ती संस्था बंद पडल्यावर अमेरिकेत आला. एकच रंग दोन वेगळे भासवून दाखवा, हा त्याचा वर्गातला धडा, तोही रंगीत कागदांवरच. आमच्या सरांपर्यंत तो कसा पोचला, हे विचारायचं राहून गेलं.

१९५० मध्ये, साठी उलटल्यावर, त्याने चौकोनात चौकोन रंगवायला घेतले आणि १९७६ मध्ये मरेपर्यंत हजाराहून जास्त रंगवले. पहिल्यांदा बघताना वाटलं, हे तर आपल्या एलिमेंटरी परीक्षेचं काम. पण थांबलो. आतले चौकोन मधोमध नव्हते, खाली बसल्यासारखे होते. बोटांनी हवेत माप घेतलं: खाली एक भाग सोडला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि वर तीन. त्यामुळे सगळी चौकट खाली ओढल्यासारखी वाटते. रंग ट्यूबमधून काढून सुरीने पसरलेला, न मिसळता. कडा जवळून पाहिल्या तर किंचित हललेल्या. काळी रेघ कुठेही नाही. आणि जिथे दोन पिवळे भिडत होते तिथे मधल्या पट्ट्याची एक कड चक्क उजळत होती, दुसरी मळकट होत होती. हा मुद्दाम छटा देतो की काय?

मी दालनाच्या नकाशाला पेनाने भोक पाडलं आणि डोळ्याला लावलं. शेजार झाकला गेला, उजेड गेला. सपाट पिवळा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बाबा, लोक बघतायत," मुलगी कुजबुजली. मी नकाशा तिच्या हातात दिला. थोड्या वेळाने म्हणाली, "थांबा, दुसरं चित्र पण बघू दे."