हेइयाचा बांध

शनिवार, काणेओहे, ओआहू बेट

काल रात्री वायकिकीला लुआऊ, म्हणजे हवाईची नाचगाण्यांसह मेजवानी, पाहिला. पेटते दांडे गरगर फिरवण्याचा खेळ सामोआचा, ढोलांवरचा कंबर हलवणारा वेगवान नाच ताहितीचा. हवाईच्या वाट्याला त्यात थोडाच वेळ आला, तिकीट मात्र हवाईच्या नावाचं. मजा आली, पण पाहुण्यांना काय आवडेल याचा हिशेब करूनच सगळं बसवलं होतं.

आज हेइयाच्या तळ्यावर गेलो. श्रमदानाला कुणीही येऊ शकतं. फाटकापाशी सगळे थांबलो. आत येण्याची परवानगी मागणारी ओली, म्हणजे हवाईयन पठण, आमच्या गटाने म्हटली (आम्ही नवखे कागदात बघून), मग आतून उत्तरादाखल ओली आली. टाळ्या नाहीत, मोबाइल नाहीत. 1830 मध्ये राणी काआहुमानूने बंदी घातलेला हुला, हा इथला पारंपरिक नाच, राजा कालाकाउआने 1883 च्या राज्याभिषेकात पुन्हा मानाने आणला, हे वाचलं होतं. आजची ओली ऐकताना मात्र इतिहास वगैरे काही आठवलं नाही. उत्तर येईपर्यंत आपण खरंच बाहेरचे आहोत, एवढंच जाणवलं.

आत सहा-आठशे वर्षांपूर्वीचं माशांचं तळं आहे, 88 एकरांचं. खाडीचा उथळ भाग दोनेक किलोमीटर लांबीच्या बांधाने वेढलाय. दोन्ही अंगांना काळा ज्वालामुखी दगड, मधे पोवळ्याची भर. बांधात माकाहा, म्हणजे लाकडी पट्ट्यांची दारं. फटींमधून बारकी पिल्लं आत येतात, इथलं खाऊन पोसतात आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. भरती-ओहोटीकडून काम करून घेणारं गोव्यातल्या खाजणाचं मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, डोळ्यांपुढे आलं. मासाही ओळखीचा निघाला, आपला बोय.

1965 च्या पुराने बांधाला मोठं खिंडार पडलं. ते बुजवायला 2015 उजाडलं, आणि तेही असंच लोकांच्या हातांनी.

आमच्या वाट्याला खारफुटी तोडण्याचं काम आलं. मुंबईत कांदळवन वाचवा म्हणून मोर्च्यात चाललेला मी, इथे गुडघाभर चिखलात करवत घेऊन! पण ही झाडं इथली नाहीत. 1922 मध्ये ती इथे लावली गेली आणि त्यांच्या मुळांनी बांधाचे दगड उचकटले. तरी पहिल्या फांदीला हात अडखळलाच.

जेवायला पोई होती. अळूचे कंद शिजवून, कुटून केलेली, जांभळट, किंचित आंबूस. चव म्हणावी तर फारशी नाही. मी दोनदा घेतली. इथे अळू म्हणजे माणसाचा थोरला भाऊ, हालोआ. म्हणून पोईचं भांडं उघडं असताना भांडायचं नाही, असं वाढणाऱ्या आजींनी बजावलं. आमच्यातल्या दोघांचं गाडीभाड्याच्या वाटणीवरून चाललं होतं, ते गप्प झाले. भांडं उचललं गेल्यावर पुन्हा सुरू.