गवती चहा आणि संत्र्याचा गार चहा

आज दुपारी आलेल्या पाहुण्यांसाठी गवती चहा, पुदिना आणि नागपुरी संत्रे घालून बिनदुधाचा गार चहा केला. कडक उकळलेला चहा एकदम फ्रीजमध्ये ठेवला की त्यातील टॅनिन आणि कॅफिन एकत्र येऊन तो गढूळ दिसतो, म्हणून काल रात्रीच १ लिटर थंड पाण्यात ४ चमचे चहा (भुकटी नव्हे, पानांचाच) भिजत घालून सकाळी गाळून ठेवला होता. अशा चहात तुरटपणाही कमी उतरतो. गवती चहाची पाती चिवट असल्याने ती मात्र वेगळी उकळून, निववून मिसळली. संत्र्याचा खरा सुगंध सालीतील तेलात असतो, तेव्हा साल पातळ सोलावी आणि तिच्याखालचा पांढरा, कडवट भाग अजिबात घेऊ नये. पुदिना हातावर चोळून शेवटी घातला. लिंबू पिळताच आम्लामुळे चहाचा गडद तांबूस रंग डोळ्यांदेखत फिका, सोनेरी होतो, आणि हा बदल सर्वांना पाहता यावा म्हणून मी ते नेहमी काचेच्या भांड्यातच पिळते. गार चहात साखर लवकर विरघळत नाही. त्यासाठी साधा पाक करून ठेवणे उत्तम. बाटलीतील तयार चहापेक्षा हा मला कितीतरी प्रिय आहे, कारण गोडी किती असावी हे आपल्या हाती राहते.