बर्फातली फ्रंट व्हील ड्राइव्ह आणि डॅशबोर्डवरचं ते बटण

व्हिडिओ कॉलवर खिडकीबाहेरचा बर्फ दिसला की घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "अगं, यात गाडी कशी चालवता?" आणि नात्यातले गाडीप्रेमी काका लगेच पुढचं विचारतात, "फोर व्हील ड्राइव्ह असेल ना?" नाही हो. साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. इकडे निम्मा गाव असल्याच गाड्या हिवाळाभर हाकतो.

तसं पाहिलं तर बर्फात या गाडीची बाजू अगदीच लंगडी नाही. इंजिन पुढे, गिअरबॉक्सही पुढे, त्यामुळे गाडीचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या चाकांवर येतं आणि गाडी ओढायचं कामही त्यांचंच. मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फात सुटताना शेपूट हलवत बसते, ही मुकाट निघते. गोम अशी की ओढायचं पुढच्या चाकांनी, वळायचं त्यांनीच आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. कोरड्या डांबरावर हे सगळं एकदम खपून जातं. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर पकड त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते आणि गोठलेल्या पाण्याच्या थरावर त्याहूनही खाली. मग वळणात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्टिअरिंग डावीकडे वळलेलं असतं आणि गाडी मात्र नाकासमोर सरळ चाललेली असते. हात आपोआप स्टिअरिंग आणखी पिळायला जातो. त्याने काहीच होत नाही. पाय हलकेच उचलायचा, स्टिअरिंग थोडं सरळ करायचं आणि चाकांनी पुन्हा रस्ता धरायची वाट बघायची. तेवढा एक क्षण फार मोठा वाटतो.

आता ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक जागच्या जागी गरगर फिरू न देणारी यंत्रणा. इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटून देणारा गिअरांचा संच म्हणजे डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलची खोड अशी की ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि किती जोर हे ठरवतं ज्या चाकाखाली पकड कमी आहे ते. म्हणजे एक चाक बर्फावर आणि दुसरं साफ रस्त्यावर असलं तरी बर्फावरचं गरगर फिरत बसतं आणि दुसरं नुसतं बघत राहतं. एबीएसचे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर प्रत्येक चाकाचा वेग मोजतच असतात. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनचा जोर कमी करतं आणि बऱ्याच गाड्यांत त्या एका चाकाला ब्रेकही लावतं, म्हणजे जोर पलीकडच्या चाकाला मिळतो. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकतं, पुढून घर्रघर्र आवाज येतो. सुरुवातीला वाटतं काहीतरी बिघडलं. तसं काही नसतं, यंत्रणा तिचं काम करत असते. दिवा न लुकलुकता सलग पेटलेला असेल, तर ती बंद केलेली आहे किंवा खरंच बिघडली आहे.

अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर 2014 पासून नव्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरून फिरायला लागली की तिला सावरणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, आणि ट्रॅक्शन कंट्रोल बहुतेक त्याच्यासोबतच येतं. त्यामुळे ते नसलेल्या गाड्या आता जुन्याच. अशा गाडीत ते काम पायाने करायचं: मॅन्युअल असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी सावकाश सोडत निघायचं. जुने ड्रायव्हर हे इतकं सफाईने करतात की बघत राहावं.

मग डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण दिलंय कशाला? रात्री बर्फ काढणारी मोठी गाडी रस्ता साफ करून जाते आणि कडेला लावलेल्या आपल्या गाडीपुढे ढेकळांचा बांध घालून जाते. सकाळी त्यातून निघायचं असतं. चाक जरा फिरलं की यंत्रणा जोर काढून घेते, आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि इंजिन नुसतं कण्हतं. भुसभुशीत बर्फात चाक थोडं फिरलंच पाहिजे, तरच ते बर्फ उकरून खालच्या टणक थरापर्यंत पोचतं. इथे बटण दाबून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं, चाकं सरळ ठेवायची आणि गाडी हळूहळू पुढे-मागे झुलवत बाहेर काढायची. पण दोन-चार झोक्यांत निघाली नाही तर थांबून फावडं घ्यावं. चाक एकाच जागी फिरवत राहिलं की खालचा बर्फ वितळून परत गोठतो, गुळगुळीत काच तयार होते, शिवाय ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो तो वेगळाच. बाहेर पडलं की बटण परत चालू. कित्येक गाड्यांत ते जास्त वेळ दाबून धरलं तर स्टॅबिलिटी कंट्रोलही बंद होतं, आणि ते रस्त्यावर मुळीच नको.

बटण चालू की बंद यावर इकडचे लोक तासन्‌तास वाद घालतात. मला त्यात फार दम वाटत नाही, कारण ट्रॅक्शन कंट्रोल गाडी निघायला मदत करतं, थांबायला नाही. फोर व्हील ड्राइव्हचंही तेच, काका. थांबवतात ते टायर. साध्या उन्हाळी टायरचं रबर 7 अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं आणि त्याच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर 1 डिसेंबर ते 15 मार्च ते कायद्यानेच लावावे लागतात. पैसे वाचवायला फक्त पुढे दोन लावायचा मोह होतो, "ओढतात तर पुढचीच ना!" म्हणून. तसं केलं की पुढची बाजू रस्ता धरते आणि वळणात पाय उचलला की मागची बाजू फिरून पुढे यायला बघते. लावायचे तर चारही.

चढावर मात्र या गाडीची खरी पंचाईत. वजन मागे सरकतं आणि ओढणारी चाकं हलकी होतात. म्हणून खालूनच थोडा वेग घ्यायचा, पुढची गाडी माथ्यावर पोचेपर्यंत मागे अंतर ठेवून थांबायचं आणि मध्ये कुठेही थांबायची वेळ आणायची नाही. छोटा, रिकामा चढ अगदीच ऐकत नसेल तर गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवायची. ओढणारी चाकं मग उताराच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर पडतं. मान दुखते, शेजारी खिडकीतून बघतात, पण गाडी चढते.