शहापुरातली जॅझ मैफल आणि परवानगीचे अडतीस दिवस

अर्ज दिला २ डिसेंबरला आणि परवानगीचा कागद हातात पडला ९ जानेवारीला. चार वादक, साठ खुर्च्या, अडीच तासांची मैफल, आणि एवढ्यासाठी अडतीस दिवस. मैफल झाली, मनासारखी झाली, पण ते अडतीस दिवस काही डोक्यातून जात नाहीत. बेळगाव भागात कुणाला असं काही करायचं असेल तर माझ्यासारख्या खेपा पडू नयेत, म्हणून सगळं लिहून ठेवते.

जागा आमचीच. बेळगावच्या शहापुरात सासऱ्यांची मागाची शेड आहे. धंदा बसला, माग विकले, तेव्हापासून शेड नुसती पडून होती. भिंती जाड, वर पत्रा, दोन दारं. मला तिथे जॅझ ऐकवायचं होतं, आणि त्याचं कारण माझे मामा. मामा कॅम्पात मराठा रेजिमेंटच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दिवसभर संचलनाच्या धून, आणि रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकेचा विलिस कोनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम. कोनोव्हर इतका सावकाश बोलायचा की मामांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीलाही तो कळायचा. खरखरीत आवाज असायचा, पण मामा रेडिओला कान लावून बोटं हलवत बसायचे. समोर बसून जॅझ ऐकायचं त्यांचं राहूनच गेलं. ते गेल्यावर मी ठरवलं की शेडमध्ये एकदा तरी हे वाजलं पाहिजे.

वादक गोव्याचे. सॅक्सोफोन, पियानो, डबल बास (माणसाएवढं उभं तंतुवाद्य) आणि ड्रम. गोवा म्हणजे आपल्याला चोर्ला घाटाच्या पलीकडचं अंगण, आणि भारतातल्या जॅझची मुळं शोधायला गेलं तर तिथंच पोचावं लागतं. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेली गोव्याची पोरं मुंबईला गेली, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली. त्यातले कितीतरी पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाने ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट त्यातलेच. वादकांशी बोलणं दोन फोनमध्ये झालं, मानधनही ठरलं. तारीख २० डिसेंबर.

आणि मग परवानगी.

कार्यालयाचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी अर्ज मराठीत घेऊन गेले. खिडकीतल्या माणसाने न वाचता परत सरकवला, ‘कन्नडमध्ये आणा.’ वाद घातला नाही. शेजारच्या अक्कांनी तासाभरात कन्नडमध्ये लिहून दिला आणि मी त्याच दिवशी परत गेले. खरी अडचण पुढे होती. अर्जावर कार्यक्रमाचा प्रकार लिहायचा असतो. अक्कांनी माझ्या सांगण्यावरून ‘जॅझ बँड’ असं कन्नड अक्षरात लिहिलं होतं.

‘म्हणजे ऑर्केस्ट्रा?’
‘नाही.’
‘रसमंजरी? सिनेमाची गाणी?’
‘नाही हो, गाणी नसतात यात. नुसती वाद्यं.’
‘मग बेंजो पार्टी?’

मी समजावून सांगत राहिले. माझ्या मागे रांग वाढत होती. त्यांनी शेवटी स्वतःच्या हाताने ‘ऑर्केस्ट्रा’ लिहिलं आणि अर्ज आत टाकला. त्या एका शब्दाने माझा महिना खाल्ला. ऑर्केस्ट्रा म्हटलं की गर्दी, नाच, भांडण हे सगळं गृहीत धरलं जातं. चार दिवसांनी गेले तर हातात यादी दिली. स्टेज मजबूत असल्याचा इंजिनिअरचा दाखला, अग्निशमनचं पत्र, बंदोबस्तासाठी किती माणसं लागतील त्याचा अंदाज, कलाकारांचे फोटो. आमच्याकडे स्टेजच नाही! वादक आणि श्रोत्यांच्या खुर्च्या एकाच जमिनीवर, मधे सहा फूट. जे नाहीच त्याच्या मजबुतीचा दाखला कोण देणार? हे मी तीन वेळा तीन वेगळ्या टेबलांवर सांगितलं. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, ‘यादीत आहे ना, मग आणा.’

अग्निशमनच्या पत्रासाठी मात्र मी कुरकुर करणार नाही. साठ माणसं बंद जागेत बसणार तर दोन्ही दारांची वाट मोकळी हवी, हे त्यांनी येऊन दाखवलं आणि मागच्या दाराजवळची पोती मी त्याच दिवशी हलवली.

तेवढ्यात अधिवेशन सुरू झालं. बेळगावात डिसेंबर म्हणजे सुवर्ण विधानसौधातलं कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, हे मला जन्मापासून इथे राहूनही तारीख ठरवताना सुचलं नाही याचा अजून राग येतो. अख्खा बंदोबस्त तिकडे. मोर्चे, आंदोलनं, मंत्र्यांच्या गाड्या. ‘साहेब्रू इल्ला, नाळे बन्नी’ हे मी किती वेळा ऐकलं त्याला हिशेब नाही. उद्या या म्हणायचे, उद्याही साहेब नसायचे. १७ तारखेला मी गोव्याला फोन करून २० तारीख रद्द केली. सॅक्सोफोनवाले गृहस्थ शांतपणे म्हणाले, आम्हाला सवय आहे. मला ते ऐकून जास्तच वाईट वाटलं. रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून तारखेबद्दल इथेच सांगते. डिसेंबर नको. १ नोव्हेंबरच्या आसपास नको, कन्नड राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिवस एकाच दिवशी, त्या दिवसांत शहरात काय वातावरण असतं ते आपल्याला माहीत आहे. गणपतीत तर विचारूच नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा. जानेवारीचा दुसरा पंधरवडा चांगला. आणि अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. मी पहिल्या दिवशी घेतली नव्हती, त्यामुळे ‘तुमचा अर्ज आलाच नाही’ हेही एकदा ऐकून झालं.

सुट्टीत मी घरी बसून ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम वाचून काढले. हे आधीच करायला हवं होतं. ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते, ते बरोबरच आहे. रात्री दहा ते सकाळी सहा बंदी, त्यातून सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत ऐकण्यापुरती सूट. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि खासगी जागेतला आवाज हद्दीवर त्यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. म्हणजे आमच्या फाटकापाशी ६०. भाच्याने मित्राचा ड्रमसेट आणून शेडमध्ये वाजवला, कीबोर्डही लावला, आणि मी फाटकात मोबाइल घेऊन उभी राहिले. दारं लावून ५६ ते ५९. रस्त्यावरून रिक्षा गेली की ७०च्या वर! मोबाइलचं माप कायद्याचं नव्हे, पण आपण काय बोलतोय ते आपल्याला कळतं. पत्र्यामुळे आत आवाज फार घुमत होता, त्यावर सासूबाईंनी उपाय काढला. घरातल्या आणि गल्लीतल्या मिळून बावीस वाकळा भिंतींवर आणि पत्र्याखाली दोरीवर टांगल्या. जुन्या साड्यांच्या त्या वाकळांनी आवाज असा काही शोषला की टाळी वाजवली तरी घुमत नव्हती.

नव्या वर्षात अक्कांनी अर्ज नव्याने लिहिला. त्या म्हणाल्या, तू नेहमी म्हणतेस ना की हे आपल्या मैफलीसारखं आहे, मग तसंच लिहू. कन्नडमध्ये मैफलीला ‘कचेरी’ म्हणतात. त्यांनी प्रकारासमोर ‘वाद्य संगीत कचेरी’ लिहिलं. खाली माझ्या सांगण्यावरून भरलं: बंदिस्त खोली, स्टेज नाही, श्रोते साठ, वाद्यं चार, बारा इंची स्पीकर दोन, वेळ सात ते साडेनऊ, दोन्ही दारांची वाट मोकळी. सोबत शेडचा हाताने काढलेला नकाशा आणि अग्निशमनचं पत्र. आपल्याकडे सरकारी कार्यालयाला कचेरी म्हणतात, त्यांच्याकडे मैफलीलाही. त्या शब्दाने काम केलं. खिडकीतल्या माणसाने वाचलं, मान हलवली, स्टेजचा दाखला मागितलाच नाही. ९ जानेवारीला कागद मिळाला. कार्यालयाच्या पायरीवर बसून मी रडले.

अक्कांनी लिहिलेलं खोटं नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. मोजक्या वादकांच्या जॅझचं अंग मैफलीचंच आहे. आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात, आपण बंदिश मांडतो तशी. मग एकेक जण त्याच चौकटीवर आपला विस्तार करतो. चौकट बहुतेक वेळा ३२ मात्राखंडांची (इंग्रजीत बार), ब्लूज हा जॅझच्या मुळाशी असलेला प्रकार असेल तर १२ची, आणि ती संपून पुन्हा पहिल्यावर आली की समेवर आल्यासारखं वाटतं. शेवटी सॅक्सोफोन आणि ड्रम चार-चार खंड आलटून पालटून घेतात, तो सरळ सवाल-जवाब. १७ जानेवारीच्या मैफलीत हे समोर घडताना हिंदवाडीतून आलेले एक वयस्क गवई, ज्यांनी जॅझ कधी ऐकलं नव्हतं, ते दुसऱ्याच धुनीत बोटांवर खंड मोजू लागले आणि सम आली की ‘वा!’ म्हणाले. पियानोवाल्याने मान वर करून बघितलं आणि हसला. सहा फुटांवरून ऐकायचं ते यासाठीच. डबल बासची तार ओढताना लाकडाचा जो आवाज येतो तो मोठ्या नाट्यगृहात मिळत नाही. ड्रमवाले जवळजवळ पूर्ण वेळ काठ्यांऐवजी तारेचे ब्रश वापरत होते, वाळूवर हात फिरवावा तसा आवाज. तुमची जागा लहान असेल तर हे आधीच सांगून ठेवा, त्यांना त्यात काही कमीपणा वाटत नाही.

त्रेपन्न माणसं आली. तिकीट लावलं नव्हतं, दाराशी डबा ठेवला होता. मानधन निघालं, प्रवासखर्च मी घातला. पणजीहून चोर्लामार्गे तीन-साडेतीन तास धरा, आणि डबल बास घेऊन येणाऱ्यांना सकाळीच निघायला सांगा. आमचे वादक चारला पोचले म्हणून नीट आवाज जुळवायला वेळ मिळाला. उभा पियानो बेळगावात भाड्याने मला मिळाला नाही, ८८ पट्ट्यांच्या कीबोर्डवर भागवलं.

एक राहिलंच. कोणत्या धुना वाजवणार त्याची यादी संगीतकारांच्या नावांसह आधी मागवा, कारण रचनांच्या हक्कांचा (कॉपीराइटचा) परवाना लागू शकतो. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ब्लूजचे रचनाकार डब्ल्यू. सी. हँडी १९५८ साली वारले, त्यांच्या रचना मोकळ्या झाल्या. जॅझचे रचनाकार ड्यूक एलिंग्टन १९७४ साली गेले, त्यांच्या अजून नाहीत. हा परवाना ऑनलाइन निघाला, दोन दिवसांत.

पुढची मैफल परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्ये. या खेपेला तिघेच: पियानो, बास, ड्रम. अक्कांनी अर्ज कालच लिहून दिलाय, आणि मी त्याच्या दोन प्रती काढल्यात.